श्रावणी सोमवार, खांडसची वाट आणि उपाशी पोटी घेतलेली शुगरची गोळी

भीमाशंकरला कर्जतच्या बाजूने चालत जायचं हा आमच्या बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात बऱ्याच घरांतला नेम आहे. श्रावण लागला की कोणी ना कोणी विचारतंच, यंदा खांडसवरून येताय का. आणि पावसातल्या त्या वाटेबद्दल बोलणं निघालं की निसरडं, धुकं, धबधबे, शिड्या एवढंच निघतं. ते सगळं खरं आहे, पण मी इथे जे प्रकरण मांडतोय त्यात कोणी घसरलं नाही, कोणी वाहून गेलं नाही, वाट चुकली नाही. तरीही एक माणूस जाता जाता राहिला. त्यात पावसाचा वाटा अर्धाच होता, बाकीचा अर्धा उपास, गोळी आणि ओले कपडे ह्यांचा. म्हणूनच पूर्ण लिहितोय, कारण दर श्रावणात ह्याच तयारीने निघालेली माणसं मला दिसतात आणि जीव खालीवर होतो. माझं मेडिकल स्टोअर आहे त्यामुळे गोळ्यांच्या बाजूने थोडं जास्त बोलेन. नावं कोणाचीच देत नाही.

आधी वाट सांगतो म्हणजे पुढचं कळेल. कर्जतहून कशेळ्यामार्गे खांडस, आणि गाव सोडलं की दोन वाटा फुटतात. एक शिडी घाटाची, ती जवळची पण अंगावर येणारी, लोखंडी शिड्या आहेत, मधे उघडा कातळ आहे आणि पावसात त्या कातळावरून पाणी वाहत असतं. दुसरी गणेश घाटाची, गणपतीच्या देवळावरून पदरगडाला वळसा घालत जाते, लांब पडते पण बायकामाणसं, वयस्कर लोक ह्यांच्यासाठी तीच. दोन्ही वाटा वर पदराच्या, म्हणजे डोंगराच्या मधल्या टप्प्याच्या, सपाटीवर एकत्र येतात, तिथे झोपड्या आहेत, चहा मिळतो, आणि तिथून पुढे दाट जंगलातला शेवटचा खडा चढ, मधे ओढे, तो चढ संपला की भीमाशंकरचं पठार. एकूण आठ-नऊशे मीटरची चढाई होते. गणेश घाटाने धडधाकट माणसाला पाच-सहा तास, सोबत वयस्कर असले की त्याहून जास्त.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. हे प्रकरण काही वर्षांपूर्वीचं आहे. अलीकडे वनविभाग पावसाळ्यात अभयारण्यातल्या धबधब्यांकडे आणि घाटाकडे जाणाऱ्या वाटा बंद ठेवायचे आदेश काढतो, त्यात खांडसची आणि शिडी घाटाची वाट येते. जायचा विचार असेल तर त्या वर्षीचा आदेश आधी बघा, बंद असेल तर बंद, मंचर किंवा राजगुरुनगरकडून एसटी देवळापर्यंत जातेच.

कोण होतं, कसं निघालो

आम्ही दहा-बारा जण होतो. तिघं-चौघं तरणी मुलं, बाकी चाळिशी-पन्नाशीची, आणि एक काका साठी ओलांडलेले. काकांबद्दल सांगायचं तर रिटायर्ड, रोज सकाळी तास-दीड तास चालणारे, आमच्यातल्या निम्म्या लोकांपेक्षा दम जास्त. डायबेटिस बरीच वर्षं, पण कंट्रोलमध्ये. त्यांचा नेम असा की श्रावणातला एक सोमवार पायी, आणि दर्शन होईपर्यंत पाणीसुद्धा नाही. काकू सोबत होत्या, त्यांचा उपास पण फराळाचा. अजून एक मावशी होत्या, त्या अनवाणी. खांडसच्या जवळच्या वाडीतला एक वाटाड्या दादा आम्ही सोबत घेतला होता, आणि त्या दिवशी सगळ्यात उपयोगी पडलेला निर्णय म्हणजे हा, त्याचे पैसे देताना कोणी घासाघीस केली नाही हे बरं झालं.

रविवारी रात्री आठला जेवण, पहाटेची कर्जत लोकल, कर्जतहून जीप, साडेसातला खांडसमधून चालायला सुरुवात. आता काकांचा हिशोब करा. शेवटचं पोटात गेलं रविवारी रात्री आठला. सोमवारी पहाटे पाचला लोकलमध्ये त्यांनी नेहमीची शुगरची गोळी घेतली, घोटभर पाण्याबरोबर, कारण गोळी चुकवायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं आणि गोळीपुरता घोट चालतो असं त्यांचं मत. गोळी कुठली ते आम्हाला नंतर कळलं, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली, अतिशय कॉमन गोळी आहे, माझ्या दुकानातून रोज जाते. ह्यातलं मेटफॉर्मिन एकटं असलं तर शुगर सहसा धोक्याइतकी खाली नेत नाही, पण ग्लिमेपिराइड तुम्ही जेवलात की नाही बघत नाही, ते शरीराकडून इन्सुलिन काढून घेतंच, आणि त्याचा असर दिवसभर राहतो. म्हणजे पोटात काही नाही, अंगात इन्सुलिन सुरू, आणि समोर चढ.

पाऊस सकाळपासून होता, झोडपणारा नाही, एकसारखा. काकांनी घरचा प्लास्टिकचा रेनकोट घातलेला, आत सुती शर्ट आणि पँट. तासाभरात रेनकोटच्या आत घामाने शर्ट चिंब. त्यात गणपतीच्या देवळापाशी उकडतंय म्हणून त्यांनी रेनकोट काढला आणि मग तो परत घातलाच नाही. पाणी नाही, खाणं नाही, पण चाल चांगली होती, पुढेच होते, "हर हर महादेव"ला सगळ्यात मोठा आवाज त्यांचा. पावसात तहान लागत नाही, त्यामुळे अंगातलं पाणी कमी होतंय हे माणसाला स्वतःला समजत नाही.

पदरावर

साडेअकराच्या सुमारास पदराच्या सपाटीवर आलो. इथे झाडी संपते आणि वारा लागतो, ओल्या अंगाला तो वारा लागला की पहिल्या पाच मिनिटांतच दात वाजायला लागतात. सगळेच कुडकुडत होते त्यामुळे काका कुडकुडतायत ह्यात कोणाला वेगळं काही वाटलं नाही. झोपडीत चहा सांगितला. काका बाहेरच उभे. काकूंनी आत बोलावलं तर त्यांच्यावर खेकसले. हे काका कधी कोणावर आवाज चढवत नाहीत, पण तेव्हा सगळ्यांना वाटलं की उपास आहे, चहाचा वास नको म्हणून चिडले असतील. मग त्यांनी बॅगेची चेन उघडायचा प्रयत्न केला आणि बोटं चालेनात. दोन-तीनदा प्रयत्न केला, मग तसेच बॅगेकडे बघत राहिले. काकू म्हणाल्या, "अहो जरा बघा हो, ह्यांचं बोलणं बोबडं येतंय."

मी विचारलं गोळी कुठली चालू आहे, सकाळी घेतली का. काकूंनी पिशवीतून स्ट्रिप काढली आणि मग माझ्या पोटात गोळा आला.

आता नेमकी अडचण समजून घ्या, कारण ह्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. थंडीने शरीराचं तापमान खाली जायला लागलं, म्हणजे 37 वरून 35 च्या खाली, की थरथर, बोटं न चालणं, बोलणं जड होणं, गोंधळणं हे होतं. शुगर 70 च्या खाली घसरली की थरथर, घाम, धडधड, चिडचिड, बोलणं जड होणं, गोंधळणं हे होतं. बघा किती सारखं आहे. शुगर घसरली की घाम येतो ही एक ओळखायची खूण, पण पावसात भिजलेल्या माणसाचा घाम कुठला आणि पाणी कुठलं? एरवी चिडचिडीवरून घरच्यांना कळतं, इथे ती उपासाच्या खात्यात गेली. आणि दोन्ही एकमेकांना वाढवतात, कारण कुडकुडायला शरीराला साखर लागते, आणि साखर नसली की कुडकुडणंसुद्धा नीट होत नाही, मग अंग अजून गार पडतं.

घरी ग्लुकोमीटर होता, सोबत नव्हता. त्यामुळे नक्की काय आहे ते ठरवत बसायचं नाही, दोन्हीवर एकदमच उपाय करायचे असं ठरवलं, आणि अशा ठिकाणी माझ्या मते हेच बरोबर आहे. शुगर असेल आणि आपण नुसती शेकोटी करत बसलो तर माणूस हातचा जातो, आणि थंडी असेल तर थोडी साखर देऊन काहीच बिघडत नाही.

काकांना आत घेतलं. ओला शर्ट, बनियन सगळं काढलं, कोरडं फडकं घेऊन टिपून घेतलं, चोळलं नाही. एका मुलाच्या बॅगेत कचऱ्याच्या काळ्या पिशवीत बांधून आणलेला टी-शर्ट आणि स्वेटर होता, तो घातला. झोपडीतल्या आजींनी घोंगडी दिली. जमिनीवर आधी रिकामं पोतं आणि दोन सॅक टाकल्या आणि त्यावर बसवलं, कारण ओली जमीन अंगातली ऊब वाऱ्यापेक्षा वेगाने ओढून घेते. आणि साखर. चहावाल्या झोपडीत त्या दिवशी गूळ-साखर संपत आलेली, पण काकूंच्या पिशवीत देवाला न्यायची खडीसाखर होती. काकू थबकल्या, नैवेद्याची होती ना, अजून देवापुढे ठेवलेली नव्हती. आजी म्हणाल्या, "त्याच्याच नावाची हाय ना, मग द्या." खडीसाखर तशीच तोंडात दिली तर विरघळायला वेळ लागतो आणि गोंधळलेल्या माणसाला ठसका लागायची भीती, म्हणून ती वरवंट्याने कुटली, तीन-चार चमचे भरेल एवढी, कोमट पाण्यात ढवळली आणि घोट घोट पाजली. काका गिळू शकत होते म्हणून पाजली हे लक्षात ठेवा. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, श्वासनळीत जातं.

पहिल्या घोटाला त्यांनी हात झटकला. "दर्शन व्हायचंय" एवढंच म्हणाले. काकूंनी मग त्यांचा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "माझ्यावर पाप, तुम्ही प्या." प्यायले.

पंधरा मिनिटांनी फरक दिसायला लागला. परत तेवढंच दिलं. त्यानंतर डोळ्यांत ओळख आली, थरथर आधी वाढली आणि मग कमी होत गेली, आणि त्यांनी स्वतःहून विचारलं किती वाजले. साखर चढली म्हणून तिथेच थांबायचं नव्हतं, कारण ती गोळी दिवसभर काम करत राहणार होती आणि तासाभरात शुगर परत घसरली असती. म्हणून राजगिऱ्याचे लाडू, केळं, शेंगदाण्याची चिक्की, सगळं उपासाचंच, थोडं थोडं करून खायला लावलं.

वर की खाली

साडेबारा झाले होते. इथून खरा वाद सुरू झाला. वर देऊळ, रस्ता, श्रावणामुळे वैद्यकीय पथकही असण्याची शक्यता, दोन तासांचा चढ. खाली तीन तास, पण उतार, आणि खांडसच्या बाजूला गाडी बोलावता येते, पुढे कशेळ्याला सरकारी रुग्णालय. घड्याळ बघितलं तर वर जवळ. एक-दोघं म्हणाले की काका बरे दिसतायत, हळूहळू जाऊ, एवढं येऊन मागे फिरायचं म्हणजे मनाला लागेल. काका स्वतः तर उठूनच उभे राहिले.

माझं म्हणणं असं होतं की चढ म्हणजे परत साखर जाळणं. उतारावर ती कमी जळते. आणि वर पठारावर पदरापेक्षा जास्त वारा आणि धुकं असणार, तिथे परत भिजले तर कोरडा जोड आता उरलेला नाही. पण मला वाटतं माझ्या बोलण्याने निकाल लागला नाही, वाटाड्या दादाने लावला. तो एकही शब्द न बोलता पुढे जाऊन पहिला ओढा बघून आला. आल्यावर म्हणाला पाणी तांबडं झालंय, पालापाचोळा घेऊन येतंय आणि खालून दगड वाजतायत. म्हणजे वर कुठेतरी जोरात पडतोय. सह्याद्रीतले हे ओढे आखूड आहेत, अर्ध्या तासात चढतात आणि पाऊस थांबला की दोन-तीन तासांत उतरतात, पण दोन-तीन तास थांबायचं म्हणजे चार वाजणार, आणि त्या जंगलात पावसाळ्यात पाचलाच अंधारून येतं. गुडघाभर पाणी असलं तरी वेग असेल तर पाय टिकत नाही. त्यात ज्याची बोटं तासाभरापूर्वी चेन उघडू शकत नव्हती अशा माणसाला आम्ही नेणार होतो.

मग प्रश्न निघाला की ग्रुप तोडायचा का, चार-पाच धडधाकट पोरं ओढा उतरल्यावर वर जाऊन दर्शन करून एसटीने येतील आणि बाकीचे काकांना घेऊन उतरतील. ऐकायला हे रास्त वाटतं आणि मी बऱ्याच ग्रुपमध्ये हे होताना बघितलंय. पण नीट बघा, वर जाणारे तेच असतात ज्यांच्या खांद्यावर हात टाकून आजारी माणूस उतरू शकतो. उरतात कोण, तर काकू, अनवाणी मावशी आणि थकलेली माणसं. त्या दिवशी पोरांनी ते लगेच ओळखलं, एकानेही कुरकुर केली नाही, आणि मला त्यांचं आजही कौतुक वाटतं. सगळे एकत्र उतरलो. काकांच्या पुढे एक, मागे एक, दर अर्ध्या तासाला काहीतरी तोंडात आणि दोन वाक्यं बोलायला लावायची, बोलणं स्पष्ट आहे का ते कळतं. मोबाईलला रेंज गणपतीच्या देवळाच्या अलीकडे आली, तिथून जीपवाल्याला फोन. रुग्णालयात शुगर तपासली तोवर ती ठीक होती, पण ग्लिमेपिराइड म्हटल्यावर डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं आणि मधे परत तपासली.

नंतर काय काय ठरलं

त्या दिवशी शुद्ध हरपली असती तर? पदरावरून माणूस खाली आणायचा म्हणजे झोळी करून आठ माणसं लागतात, पावसात निम्मा दिवस जातो. 108 किंवा 112 ला फोन करायचा पण त्यासाठी आधी रेंजमध्ये कोणालातरी पळवावं लागतं. गिर्यारोहकांची रेस्क्यू पथकं महाराष्ट्रात फार चांगलं काम करतात, पण त्यांनाही शहरातून निघून खांडसला पोचून चढून यायला तास लागतात. म्हणजे पहिले काही तास जे काय करायचं ते तिथल्या झोपडीतल्या दहा माणसांनीच.

त्यामुळे आता आमच्यात श्रावणाआधी दोन आठवडे एक बैठक होते. शुगर, बीपीची गोळी चालू असलेल्यांनी आपल्या डॉक्टरला स्पष्ट विचारायचं की मी अमुक दिवशी उपास करणार, पाच-सहा तास चढणार, तर त्या दिवशीचा डोस काय. स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही आणि स्वतःच्या मनाने घ्यायचीही नाही. काकांच्या डॉक्टरांना निर्जळीबद्दल कधी कोणी सांगितलंच नव्हतं, त्यांना वाटत होतं श्रावणात साबुदाणा खातात. गोळीची चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून वरच्या खिशात, आणि साखर किंवा ग्लुकोजची पुडी सॅकमध्ये नाही, अंगावरच्या खिशात. उपास करणाऱ्यांनी दर तासाला फराळाचं काहीतरी, खजूर म्हणा, उकडलेलं रताळं म्हणा, शेंगदाण्याचा लाडू म्हणा. ज्याला निर्जळीच करायची आहे त्याने एसटीने यावं, देवळात रांगेत उभं राहून निर्जळी करावी, आम्ही त्याच्या पाया पडू, पण खांडसवरून नाही.

एक पूर्ण कोरडा जोड प्रत्येकाकडे, जाड पिशवीत गाठ मारून, आणि तो पदराआधी उघडायचा नाही. जीन्स अजिबात नाही. आणि निघायच्या आधीचे दोन-तीन दिवस पावसाचे आकडे बघायचे, नुसता त्या दिवशीचा अंदाज नाही, कारण सलग पडून जमीन फुगलेली असेल तर मग साधी सर पण धोक्याची. माळीण आंबेगाव तालुक्यातलं, ह्याच डोंगररांगेतलं. 30 जुलै 2014 ला सकाळी डोंगर खाली आला आणि 151 माणसं गेली, श्रावण नुकताच लागला होता.

काका पुढच्या कार्तिकात एसटीने जाऊन आले, काकूंसोबत, खडीसाखर घेऊन. आता श्रावणातला सोमवार ते घरी फराळ करून पाळतात आणि आमच्या बैठकीला येऊन बसतात, नवीन येणाऱ्या डायबेटिसवाल्यांशी तेच बोलतात, आणि मी बोलण्यापेक्षा ते बोललेलं लोक जास्त ऐकतात.

अनवाणीचा विषय मात्र मिटलेला नाही. मावशींच्या बोटांमध्ये त्या वेळी चिखल्या झाल्या, एका अंगठ्याला काटा मोडून पिकला, तीन आठवडे गेले, आणि डायबेटिस असलेल्या पायाला असं झालं असतं तर बोट जायची वेळ आली असती. मी त्यांना सुचवलं की खांडसपासून वर पठारापर्यंत बूट घाला आणि देवळाकडे उतरणाऱ्या पायऱ्या लागल्या की तिथून अनवाणी जा. त्या म्हणाल्या, नवस चालायचा आहे, पायऱ्यांचा नाही. ग्रुपमधली निम्मी माणसं त्यांच्या बाजूची आहेत, आणि ह्या श्रावणाच्या बैठकीत तो विषय परत निघणार आहे.